आधी शीत की आधी बांगडा? साखर सांभाळताना या चुका टाळा

ताटात शीत (भात) वाढलं की त्यावर हुमण (माशाची आमटी) ओतायचं आणि चार घास झाल्यावर बांगड्याचा काटा काढायला घ्यायचा, ही गोव्यातल्या घरोघरची रीत. मधुमेह असेल तर घोळ इथूनच सुरू होतो.

अन्न आतड्यात उतरलं की तिथल्या पेशी जीआयपी आणि जीएलपी-१ ही दोन संप्रेरकं रक्तात सोडतात. ही छोटी प्रथिनंच. साखर वाढते आहे, इन्सुलिन सोड, असा निरोप ती स्वादुपिंडाला देतात. म्हणूनच ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिलं तर इन्सुलिन जास्त सुटतं. टाइप २ मधुमेहात हा परिणाम घटतो. जीएलपी-१ जठर रिकामं होण्याचा वेगही कमी करतं, आणि ताटातल्या क्रमाचं महत्त्व त्यातच आहे. मासळी आणि भाजी आधी खाऊन शीत १०-१५ मिनिटांनी घेतलं तर ते आतड्यात हळूहळू उतरतं आणि साखर एकदम उसळत नाही. अर्थात, शीत मोजकंच हवं. बांगड्याला लावलेला रवाही पिष्टच, तोही हिशेबात धरा.

जेवणाआधी इन्सुलिन टोचणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता हा बदल करू नये. इन्सुलिन काम सुरू करतं आणि शीत मागे राहतं, त्यात साखर खाली जाऊ शकते.

पेज-लोणच्याचं तेच. लोणच्यातून प्रथिनं मिळत नाहीत आणि पातळ पेज जठरातून लवकर पुढे सरकते. पेजेआधी उकडलेलं अंडं किंवा वाटीभर अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्सा, खा.

औषधातली चूक जास्त महागात पडते. शरीरातलं जीएलपी-१ डीपीपी-४ नावाचं विकर (एन्झाइम) काही मिनिटांतच मोडतं. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्या, म्हणजेच ग्लिप्टिन, त्या विकराला अडवतात. जीएलपी-१ सारखंच काम करणारं सेमाग्लुटाइड हे औषध मात्र त्याला सहज मोडता येत नाही. त्यामुळे ते सुरू झाल्यावर ग्लिप्टिन चालू ठेवून वेगळा फायदा होत नाही, खर्च तेवढा वाढतो. ग्लिप्टिन बऱ्याचदा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. मनाने गोळी बंद केली तर मेटफॉर्मिनही सुटतं. इन्सुलिन सोडायला लावणारं ग्लिमेपिराइड चालू असेल तर तेही सांगा, कारण ते आणि सेमाग्लुटाइड मिळून साखर फार उतरू शकते.

सेमाग्लुटाइडची गोळी सकाळच्या चहासोबत घेणं म्हणजे ती वाया घालवणं. ती जठरातच शोषली जाते, तेही जेमतेम. रिकाम्या पोटी, १२० मिलीपेक्षा जास्त नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळा. मग ३० मिनिटं चहा नाही, खाणं नाही, दुसरी गोळी नाही.

क्रम बदलून फरक पडला का, हे ग्लुकोमीटरवर पाहायचं तर ताट दोन्ही दिवशी तेच ठेवा, शीत त्याच वाटीने मोजा आणि जेवणानंतरची साखर मोजायचे दोन तास पहिल्या घासापासून धरा, हात धुतल्यापासून नव्हे.