वेगळ्या आकाराच्या इमारती, वारा आणि भूकंप : नव्या संरचना अभियंत्यांसाठी

पिळदार मनोरे किंवा वर रुंदावत जाणारे मजले उभारण्याच्या ओढीने या क्षेत्रात येणारे तरुण अभियंते प्रथम कोणते सॉफ्टवेअर शिकावे, हे विचारतात. माझ्या अनुभवानुसार त्याआधी एक विरोध नीट समजून घ्यावा लागतो. वाऱ्याचा भार इमारतीच्या पृष्ठभागावर येतो आणि वादळातही सांगाडा स्थितिस्थापक मर्यादेत (म्हणजे वाकून पुन्हा मूळ आकारात येईल इतपतच) राहावा लागतो, म्हणून तेथे ताठरपणा आणि वजन दोन्ही उपयोगी पडतात. भूकंपाचे बल मात्र इमारतीच्या स्वतःच्या वस्तुमानातून निर्माण होते, त्यामुळे तेच वजन तेथे घातक ठरते; शिवाय मोठ्या धक्क्यात सळईने ताणले जाऊन ऊर्जा जिरवावी पण मजला कोसळू नये, हे गृहीत धरूनच आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय मानकात डिझाइनचे बल कमी केलेले असते.

टायफून आणि मोठे भूकंप दोन्ही सोसणाऱ्या तैवानमधील तैपेई १०१ ही ५०८ मीटर उंचीची, २००४ मध्ये पूर्ण झालेली इमारत यासाठी बारकाईने अभ्यासावी. वर रुंदावणाऱ्या आठ टप्प्यांच्या या इमारतीचे आठ महाकाय खांब आउटरिगर ट्रसनी (आडव्या, ताठर जाळीदार तुळयांनी) इमारतीच्या मधल्या गाभ्याशी जोडलेले आहेत. वारा कोपऱ्यांवरून सुटताना आळीपाळीने भोवरे तयार होतात आणि उंच इमारत वाऱ्याच्या आडव्या दिशेने हेलकावू लागते. येथे पवनबोगद्यातील (प्रतिकृतीवर वारा सोडून घेतलेल्या) चाचण्यांच्या आधारे कोपऱ्यांना खाचा दिल्या आणि वाऱ्यामुळे पायथ्यावर होणारा परिणाम सुमारे २५ टक्क्यांनी घटला. पोलाद वाढवण्याआधी आकाराचा असा विचार करणे मला नेहमीच श्रेष्ठ वाटते. वरच्या मजल्यांत टांगलेला ६६० टनांचा गोळाच इमारतीला भूकंपातून तारतो, असा समज विद्यार्थ्यांत मी वारंवार पाहिला आहे; वास्तविक त्याचे मुख्य काम वाऱ्यातील डोलणे कमी करून आतल्या माणसांचा त्रास टाळणे हे आहे, आणि भूकंपाचा भार प्रामुख्याने खांब, गाभा व चौकटी पेलतात.

आपल्याकडे काम करताना वास्तुविशारदाचा पहिला आराखडा हाती येताच वस्तुमानाचे केंद्र आणि ताठरपणाचे केंद्र किती दूर आहेत, हे मी कागदावर काढून पाहतो; ती दूर असली की भूकंपात इमारत पिळली जाते. पहिल्याच दोलनप्रकारात (इमारतीच्या सर्वांत संथ नैसर्गिक डोलण्यात) इमारत पीळ घेत असेल, तर शिअर वॉलची (आडवे बल पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीची) जागा बदलण्याची चर्चा त्याच आठवड्यात व्हावी. विक्रीचे नकाशे छापून झाल्यावर ती कोणी ऐकून घेत नाही. तळमजल्याच्या पार्किंगबाबत तर मी अजिबात तडजोड करीत नाही, कारण २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत भिंतींविना उभे राहिलेले पार्किंगचे मजले कोसळून माणसे मेली.

नोकरीची सुरुवातीची काही वर्षे साइटवर अवश्य काढावीत. खांबाच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगेचे टोक आयएस १३९२० या सळईच्या मांडणीविषयीच्या मानकानुसार १३५ अंशांत वळवून खांबाच्या आतल्या काँक्रीटमध्ये घेतले आहे की घाईत ९० अंशांवर सोडले आहे, हे काँक्रीट ओतण्यापूर्वी स्वतः वाकून पाहावे आणि चुकले असेल तर ओतकाम थांबवावे.