काक्षीचं तेज नुसत्या डोळ्यांनी कसं मोजायचं

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ना कुणी तो मेसेज टाकतंच: ‘मृगातला लाल तारा फुटणार, रात्रीचा दिवस होणार.’ फुटणार हे खरं, पण खगोलशास्त्रज्ञांचं ‘लवकरच’ म्हणजे पुढच्या लाखभर वर्षांत कधीही. तोवर या ताऱ्यावर, म्हणजे काक्षीवर, लक्ष ठेवायचं असेल तर मेसेजची वाट बघू नका, स्वतः मोजा. दुर्बीण लागत नाही. वही, पेन्सिल, लाल कागद गुंडाळलेली बॅटरी आणि जरा अंधारी गच्ची एवढं पुरतं.

आधी तारा ओळखा. डिसेंबरात रात्री आठ-साडेआठला पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. जवळपास उभ्या रेषेत तीन तारे दिसतील, तो मृगाला लागलेला बाण. त्याच्याभोवती चार ताऱ्यांचा मोठा चौकोन असतो. त्यात डावीकडे खालच्या कोपऱ्यात जो नारिंगी-तांबूस दिसतो तो काक्षी, म्हणजे बेटेलज्यूज. पंचांगातली आर्द्रा ती हीच, असं बहुतेक जण मानतात. समोरच्या, उजवीकडे वरच्या कोपऱ्यातला पांढरा-निळसर तो राजन्य. दोघांकडे आळीपाळीने बघितलंत तर रंगातला फरक लहान पोरांनाही कळतो. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,६०० केल्विन, सूर्याचं ५,८०० च्या आसपास; त्या मानाने थंड, म्हणून हा तांबडा. आकाराने मात्र अवाढव्य: सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी काय, मंगळही पोटात जाईल. अंतर नक्की सांगणं अवघड जातं, पण ५५० ते ७०० प्रकाशवर्षांच्या दरम्यानचे आकडे मिळतात.

आता मोजणी. ताऱ्याचं तेज ‘प्रती’त सांगतात आणि आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, हे उलटं गणित एकदा डोक्यात बसवा. काक्षीचं तेज एरवी ०.५ च्या आसपास असतं. त्याच्या दोन बाजूंना दोन ओळखीचे तारे धरायचे: पूर्वेकडचा प्रश्वा (०.४) आणि पश्चिमेकडची रोहिणी (०.९). वाण्याच्या तराजूचं तत्त्व, दोन ठरलेली वजनं आणि मध्ये आपला माल. प्रश्वा आणि रोहिणी यांच्यातल्या फरकाचे मनात पाच भाग करा. काक्षी प्रश्वापेक्षा एक भाग मंद वाटला तर ०.५, बरोबर रोहिणीइतका वाटला तर ०.९. रोहिणीपेक्षाही मंद वाटला तर मिथुनेतल्या पुनर्वसूच्या जोडीतला जास्त तेजस्वी तारा घ्या, तो १.१. रोहिणी स्वतःही किंचित कमी-जास्त होते, पण आपल्या डोळ्यांना तेवढं जाणवत नाही. गुरू किंवा मंगळ त्या भागात आला असेल तर त्याच्याशी तुलना करू नका.

वेळेचं महत्त्व फार आहे. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, तिथला तारा फुकट मंद दिसतो. म्हणून काक्षी डोक्यावर आला की मोजा. तेव्हा प्रश्वा पूर्वेला आणि रोहिणी पश्चिमेला साधारण सारख्याच उंचीवर असतात. आपल्याकडे जानेवारीच्या अखेरीस रात्री पावणेदहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेनऊ-नऊला हा योग येतो. मला फेब्रुवारीच आवडतो, जेवण उरकून वर जाता येतं आणि हाडं गोठत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं: टक लावून बघू नका. लाल ताऱ्याकडे जितकं रोखून बघाल तितका तो जास्त तेजस्वी वाटायला लागतो. भरभर नजर फिरवा, प्रश्वा, काक्षी, रोहिणी, पुन्हा काक्षी, आणि पहिला अंदाज लिहून टाका. चष्मा असेल तर काढून बघा. तारे पसरट ठिपके होतात आणि तुलना उलट सोपी जाते. गच्चीवर मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभी राहते, कारण समोरच्या इमारतीचा हॅलोजन थेट डोळ्यांत येतो. पंधरा मिनिटं मोबाइल खिशात. शेजारचा मुलगा विचारतो, ‘काकू, काय शोधताय?’ त्याला वही धरायला लावते. नोंद एवढीच: ‘१८ फेब्रु., रा. ८:५०, काक्षी ०.५, थोडं धुकं.’ मागची नोंद बघून आजचा आकडा लिहायचा नाही. वहीचं पान उलटूनच वर न्या.

रोज मोजून काही हाती लागत नाही. हा तारा धीम्या गतीने बदलतो, सुमारे ४०० दिवसांचं एक चक्र आणि जवळपास सहा वर्षांचं दुसरं. आठवड्यातून एकदा पुरे. काक्षीचं तेज बदलतं हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शलने १८३६ मध्ये केप ऑफ गुड होपहून नुसत्या डोळ्यांनीच हेरलं होतं. आणि २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या विलानोवा विद्यापीठाचे एडवर्ड गिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नेहमीपेक्षा मंद झाल्याचं जाहीर केलं, ते वर्षानुवर्षं जपलेल्या नोंदींच्या जोरावर. २०२० च्या फेब्रुवारीत तो १.६ पर्यंत उतरला, म्हणजे चौकोनातल्या शेजारच्या, पश्चिमेकडच्या ताऱ्याइतका. तेव्हाही ‘फुटणार’ची आवई उठलीच. ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूने आडवी आली, पृष्ठभागाचा एक भागही थंड पडला होता, असं पुढे निरीक्षणांतून दिसलं. काही महिन्यांत स्वारी पूर्ववत.

नोंदी जमल्या की अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सकडे ऑनलाइन पाठवता येतात. ही संस्था १९११ पासून हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते. सोबत प्रश्वा आणि रोहिणीचे आकडेही द्यावे लागतात, म्हणून ते वहीत लिहायची सवय आधीपासूनच लावा.

एप्रिल संपता संपता काक्षी संध्याकाळी पश्चिमेला खाली येतो, तेव्हा मोजणी बंद करा. जूनमध्ये शेतकरी ज्या मृगाच्या पावसाची वाट बघतात, तेव्हा सूर्यच त्या भागात असतो, तारे दिसायचा प्रश्नच नाही. मे महिन्यात आकाश स्वच्छ असेल तर वृश्चिकेतली ज्येष्ठा धरा. तीही तांबडी, महाराक्षसी आणि कमी-जास्त होणारी. ऑगस्टच्या उत्तरार्धात ढगांनी वाट दिली तर पहाटे साडेचारला काक्षी पुन्हा पूर्वेला सापडेल, पण खरी मोजणी डिसेंबरनंतरच.