बदलत्या जाळ्यात कोणाचा निरोप लांब जातो, हे कसं मोजायचं

सोमवारी 'अ'नं 'ब'ला कळवलं, मंगळवारी 'ब'नं 'क'ला. 'अ'ची बातमी 'क'पर्यंत जाऊ शकते. वारांची अदलाबदल करा, वाट बंद! पण दोन दिवसांचे मेल एकाच चित्रात ओतले, तर दोन्ही जाळी हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून क्रम आधी जपा, चित्रं नंतर काढा.

सरावाला एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे मेल घ्या: सुमारे १५० जणांचे पाचेक लाख, अमेरिकी सरकारी चौकशीत खुले झालेले. गणितापेक्षा जास्त वेळ साफसफाईत जातो, हे गृहीत धरा. एकच मेल पाठवणाऱ्याकडेही सापडतो आणि घेणाऱ्याकडेही. पाठवणारा, वेळ, मजकूर जुळवून जादा प्रती काढा. वेळा सगळ्या यूटीसीत (जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत) आणा, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी आलेलं दिसेल.

आता काळाचे तुकडे पाडा. मेलसाठी मी एक दिवस धरतो, चॅटसाठी तास. तुकडा मोठा झाला की त्याच्या आतला क्रम पुसला जातो. प्रत्येक तुकड्याचं मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) मांडा: ओळीतल्या माणसानं स्तंभातल्याला लिहिलं तर १, नाहीतर ०.

पुढची युक्ती ग्रिंड्रॉड, हायम, पार्सन्स आणि एस्ट्राडा यांनी २०११ मध्ये मांडली; मूळ काट्झच्या १९५३ च्या मोजमापात, जे जाळ्यात कोण किती महत्त्वाचा ते मोजतं. 'ग' ही एक छोटी धन संख्या; साखळीतल्या दर पायरीला निरोपाचं वजन तेवढ्या पट होतं. एकक मॅट्रिक्समधून (कर्णावर १, बाकी ०) त्या दिवसाच्या मॅट्रिक्सची 'ग' पट वजा करा, व्यस्त (ज्यानं गुणलं की एकक मॅट्रिक्स येतं ते) काढा आणि हे व्यस्त तारखेच्या क्रमानं गुणा. 'ग' आणि कुठल्याही दिवसाची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स पुन्हा पुन्हा लावलं तर आकडे किती पटीनं वाढतात ते सांगणारी संख्या) यांचा गुणाकार १ पेक्षा कमीच हवा. ओळीची बेरीज म्हणजे निरोप पसरवण्याची ताकद, स्तंभाची म्हणजे ऐकण्याची.

वरच्या उदाहरणात ग = ०.५ घ्या आणि कर्णावरचा १ सोडा: 'अ'ला ०.५ + ०.२५ = ०.७५ मिळतात. वार उलटवले की फक्त ०.५.

जाळं मोठं असेल तर व्यस्त प्रत्यक्षात काढू नका, मेमरी संपेल. सगळे १ असलेला सदिश (आकड्यांची एक रांग) घेऊन शेवटच्या दिवसापासून मागे या, दर दिवशी एक रेषीय समीकरणसंच सोडवा (पायथनच्या सायपाय लायब्ररीतली, शून्यं न साठवणारी विरळ मॅट्रिक्स पुरतात) आणि आकडे फुगू नयेत म्हणून दर पायरीला सदिशातले सगळे आकडे एकाच संख्येनं भागून लहान करा.

शेवटी दिवसांचा क्रम पिसून हेच पुन्हा काही वेळा चालवा. क्रमवारी जवळपास तीच आली, तर तुमच्या डेटात वेळेला फारसं वजन नाही. साधं एकत्र जाळं घ्या आणि मोकळे व्हा.