पूरग्रस्त गावात प्रश्नावली घेऊन जाण्याआधी

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर मानसिक आरोग्याच्या पाहणीसाठी आम्ही नदीकाठच्या एका गावात गेलो. पहिल्याच घरी आजींनी विचारलं, "पंचनाम्याचं का?" मी नाही म्हटलं, संशोधन समजावलं. त्यांनी मान डोलावली, अंगठा दिला, तासभर बोलल्या. निघताना म्हणाल्या, "यादीत नाव घाल बाई." त्या दिवसाचे सगळे फॉर्म मी बाद केले.

पुराच्या गावात वही घेऊन येणारा माणूस मदतीचाच वाटतो. म्हणून पहिलं वाक्य हेच: "आम्ही सरकारकडून आलो नाही. बोललात म्हणून पैसे मिळणार नाहीत, नाही बोललात म्हणून मदत अडणार नाही." मग त्यांनाच विचारा, मी काय सांगितलं? त्यांच्या शब्दांत ते परत आलं नाही, तर सही घेऊ नका. आधार कार्ड, पासबुक मागू नका, पडलेल्या भिंतीचे फोटो काढू नका. पंचनाम्यात हेच होतं. तलाठ्यासोबत फिरू नका. मदतीच्या किटच्या रांगेत तर एकही प्रश्न नको. सरपंचांची परवानगी लागतेच, पण ती घरातल्या बाईची संमती नव्हे.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीतल्या संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे, ते वाचा. घाईच्या वेळी, संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीची बैठक लवकर होऊ शकते, समितीला वगळता मात्र येत नाही. आपल्याकडे २००५, २०१९, २०२१ असे पूर आलेत. मग आराखडा एप्रिल-मेमध्येच लिहून समितीसमोर का ठेवू नये?

कुणी रडू लागलं तर वही मिटा. प्रश्न पुरा करण्यासाठी थांबू नका, नुसतं बसा. समुपदेशकाचा नंबर आधी स्वतः लावून बघा. आता टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ही आहे.

आणि दर वेळी स्वतःला विचारा, हे आत्ताच विचारायला हवं का? आमचे बहुतेक प्रश्न थांबू शकत होते. आम्ही डिसेंबरमध्ये परत गेलो, आधी त्याच आजींकडे. ते पहिलं वाक्य सांगितलं. त्यांनी ते नीट परत म्हणून दाखवलं आणि म्हणाल्या, "मग आज नको. उसाला तोड आलीय."