मोठ्या संख्येची फोड करताना या चुका टाळा

१,२३,४५,६७,८९० ही संख्या घ्या. दिसायला गरीब, पण नेहमीच्या बहुतेक चुका हिच्यावरच होतात.

शेवटी शून्य आहे, म्हणून २ आणि ५ बाहेर. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ बाहेर. उरतात १,३७,१७,४२१. इथवर सगळे बरोबर असतात. मग ७, ११, १३ असे लावत शंभरपर्यंत जायचे आणि भाग जात नाही म्हटल्यावर ‘मूळ संख्या’ लिहून मोकळे व्हायचे! चिकाटीची माणसे हजारापर्यंत जातात आणि तीही फसतात. वर्गमूळापर्यंतची प्रत्येक मूळ संख्या तपासावी लागते, त्यात सवलत नाही. इथे वर्गमूळ ३,७०३ च्या किंचित वर आहे आणि पहिला भाग जातो ३,६०७ ने. ही ५०४ वी मूळ संख्या, म्हणजे आधीच्या ५०३ संख्यांनी काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून भागाकारांची रांग लावण्याआधी दोन मिनिटे फर्मा या गणितज्ञाच्या रीतीला द्यावीत. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करा आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का ते बघा. ३,७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६, बाकी २,१९५. जमले नाही. ३,७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५, बाकी ९,६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! ३,७०५ मधून ९८ वजा केले की ३,६०७, मिळवले की ३,८०३. या दोन्ही मूळ आहेत का, हे ६१ पर्यंत भागून बघायचेच. कंटाळा करू नका. अवयव एकमेकांपासून लांब असतील तर मात्र ही रीत साध्या भागाकारापेक्षाही रेंगाळते.

आता फोड: २ × ३² × ५ × ३,६०७ × ३,८०३. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवायचा: २ × ३ × २ × २ × २ = ४८. विभाजकांच्या बेरजेत ३² साठी १ + ३ + ९ = १३ येतात; मधला ३ हमखास गळतो. बाकीच्या प्रत्येक अवयवासाठी १ + तो अवयव, आणि सगळ्यांचा गुणाकार. उत्तर ३,२१,१६,१०,६८८.

संख्या मूळ आहे का हे बघण्याची एक झटपट कसोटी आहे: २ चा, त्या संख्येपेक्षा एकने कमी असलेला घात घ्या, त्या संख्येने भागा आणि बाकी १ उरते का ते बघा. पण २ चा ३४० वा घात ३४१ ने भागला की बाकी १ उरते, तरी ३४१ = ११ × ३१. एवढ्या एका कसोटीवर संख्येला मूळ ठरवू नये.

स्प्रेडशीटमध्ये मोठी संख्या टाकूच नका. पंधरा अंकांपुढचे अंक तिथे गुपचूप शून्य होतात. संगणकाच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ (दशांश संख्या ठरावीक अंकांतच साठवणाऱ्या) प्रकारातले गणितही असेच दगा देते: ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९३ ही विषम संख्या तिथे ९९२ वर संपते आणि चक्क सम होते. पायथन या संगणकभाषेचे पूर्णांक वापरा, आणि वर्गमूळही पूर्णांकातच काढा. संख्या चिकटवण्याआधी स्वल्पविराम काढा.