नको असलेली की बंद करताय? या चुका टाळा

कॅप्स लॉक, इन्सर्ट किंवा कीबोर्डवरचं ते आगाऊ स्लीपचं बटण कायमचं बंद करायची सोय विंडोज २००० पासून आहे. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे, 'स्कॅनकोड मॅप' नावाची नोंद करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. काम पाच मिनिटांचं आहे, पण लोक व्हिडिओ पळवत पळवत बघून ते दोन मिनिटांत उरकतात आणि मग आम्हाला फोन येतात.

इन्सर्ट बंद करायला जाऊन शून्य बंद करणं ही त्यातली माझी 'लाडकी' चूक. या नोंदीत प्रत्येक की तिच्या कोडने ओळखली जाते. इन्सर्टचा कोड ई०_५२ आणि नंबरपॅडवरच्या शून्याचा ००_५२. पुढचं ई० घाईत गळलं की इन्सर्ट जिवंत राहते आणि शून्य मरतं. एका अकाउंटंटच्या ऑफिसात ऐन मार्चअखेरीला हेच झालं. पन्नास हजार टाकले की स्क्रीनवर नुसता ५. त्यांनी आधी नवा कीबोर्ड आणला, तरी तेच. होणारच! ही नोंद विंडोजमध्ये असते, त्यामुळे जोडाल त्या प्रत्येक कीबोर्डला लागू होते. ज्या पोराने हा उद्योग केला होता त्याने रेजिस्ट्रीचा बॅकअप घेतला होता, हे मात्र कौतुकाचं. त्याने ती जुनी फाइल डबल क्लिक करून चढवली, यशस्वी झाल्याचा मेसेजही आला, रीस्टार्ट केलं आणि शून्य तसंच मेलेलं! कारण अशी फाइल आहे त्यात भर घालते. तिच्यात नसलेली नोंद ती पुसत नाही. स्कॅनकोड मॅप आपल्या हातानेच डिलीट करावा लागतो. तेवढं केलं, रीस्टार्ट केलं, शून्य परत.

म्हणून मी आकडे हाताने लिहीतच नाही. शार्पकीज नावाचं फुकट टूल आहे, त्यात 'टाइप की' दाबून नको असलेली कीच दाबून दाखवायची. कोड ते स्वतः ओळखतं. 'खरं काम रेजिस्ट्रीतच' म्हणणाऱ्यांनी खुशाल हाताने करावं, पण नीट बघून. तिथे 'कीबोर्ड लेआउट' आणि 'कीबोर्ड लेआउट्स' अशी दोन फोल्डरं एकाखाली एक आहेत. आपलं एकवचनी. अनेकवचनीत नोंद केलीत तर काहीच होत नाही, आणि लोक विंडोजला शिव्या घालत बसतात.

दुसरी चूक आपल्याकडे मराठी टाइप करणाऱ्यांत फार. मजकूर लिहिता लिहिता भाषा आपोआप बदलते म्हणून डावी ऑल्टच बंद करून टाकायची! अहो, दोष ऑल्टचा नाही, डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेल्याचा आहे. सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमधून 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडा आणि तो शॉर्टकट 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेस आहेच. डावी ऑल्ट बंद केली की तिच्यासोबत खिडक्या बदलायचं ऑल्ट-टॅबही गेलं, आणि ते दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. शिफ्ट पाचदा दाबल्यावर येणाऱ्या स्टिकी कीजच्या खिडकीचंही तेच: ॲक्सेसिबिलिटीत जाऊन तिचा शॉर्टकट बंद करा, शिफ्टला हात लावू नका.

पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट टूलमधला कीबोर्ड मॅनेजर सोपा आहे, रीस्टार्टही लागत नाही. पण तो चालू असेल तोवरच बदल टिकतो, आणि लॉगिनच्या पडद्यावर तो नसतोच. तिथे पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक पूर्वीसारखाच नडणार. ज्यांना आज एक की हवी आणि उद्या दुसरी, त्यांच्यासाठी ठीक. मी ऑफिसच्या मशीनवर तो ठेवत नाही.

पॉवरटॉइजमध्ये कॅप्स लॉकची की बंद करताना कॅप्स लॉक चालू ठेवू नका, सगळं कॅपिटलमध्येच अडकेल. एफएन कीच्या मागे वेळ घालवू नका, बहुतेक कीबोर्डांत ती विंडोजपर्यंत पोचतच नाही. आणि एखादी की आपोआप दाबली जात असेल तर आधी कीबोर्ड उलटा करून झटका. बरेचदा फरसाणाचा चुरा निघतो.