नांदूर मध्यमेश्वरला जाताय? मग पहाटेच निघा

गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे निफाड तालुक्यातलं पाणथळ मला फार जवळचं. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, ठरलं. डिसेंबर-जानेवारीत जा. उजाडायच्या आत चापडगावच्या बाजूला पोहोचा, कारण ऊन चढलं की पक्षी सुस्तावतात आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यांवर येते. कपडे मातकट किंवा हिरवट घाला. पांढरा शर्ट नकोच!

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलात की लगेच दुर्बीण लावू नका. आधी दहा मिनिटं नुसतं बघा, ऐका. मग काठाजवळच्या पाणवनस्पतींत हळदीकुंकू बदक शोधा. काळ्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके; नाव कुठून आलं ते तिथंच कळतं. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी पक्षी तर थव्यानंच दिसतील. ते सगळे एकदम उडाले तर वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, कळकळीची विनंती आहे. आणि स्थानिक गाइड आवर्जून घ्या. पाणी कमी-जास्त झालं की पक्षी कुठं सरकतात, हे त्यांनाच ठाऊक असतं.